मीटर नवा, बोर्ड जुनाच: सुरतच्या भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग कुणाच्या खात्यावर?

सुरत : 2024 च्या उन्हाळ्यात गुजरातमध्ये स्मार्ट मीटरवरून रान पेटलं. वडोदऱ्यात सगळ्यात जोरात, मग इतर शहरांत लोक वीज कचेऱ्यांवर धडकले. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, हे लोकांना पटलं नाही. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रातही सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाहीर करावं लागलं. दोन्ही राज्यांत चर्चा झाली ती मीटरची. बिल किती येणार, रिचार्ज संपला तर काय, मीटर पळतो का, एवढीच.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. मीटरमधून निघालेली वीज पुढे ज्या बोर्डावर जाते, त्या बोर्डाची अवस्था काय आहे? कंपनीची हद्द मीटरपाशी संपते. त्यापुढचा मेन स्विच, फ्यूज, वायरिंग, अर्थिंग हे सगळं ग्राहकाचं. आणि करंट लागून माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या पुढच्या भागात. एनसीआरबीच्या नोंदींनुसार देशात वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसं विजेचा धक्का लागून मरतात. म्हणजे रोज तीसच्या वर.

लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना, पांडेसरा, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली लाखो मराठी माणसं राहतात. इथल्या खोल्यांसाठी हा प्रश्न बिलापेक्षा मोठा आहे.

एका खोलीवर किती भार

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या खोलीत दोन ट्यूबलाइट, एक पंखा, एक टीव्ही एवढा हिशेब धरून वायरिंग केलेलं असायचं. चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज, लाकडी पाटी, त्यावर चार बटणं. आज त्याच पाटीवर फ्रिज, लोखंडी कूलर, वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर आणि कुठे कुठे इंडक्शन शेगडी चालते. साडीला लेस-बॉर्डर लावण्याचं काम घरी येतं, त्यामुळे शिलाई मशिनला मोटर बसलेली असते. फ्यूज वारंवार उडायला लागला की त्यात जाड तार घातली जाते. एमसीबी असेल तर सोळाचा काढून बत्तीसचा बसवतात. फ्यूज उडायचा थांबतो, पण भिंतीतली तार तापायला लागते. एमसीबी हा तारेचा राखणदार. तारेपेक्षा मोठा एमसीबी लावला की राखणदारालाच झोपवल्यासारखं होतं.

असा बोर्ड बदलायला हवा, हे बहुतेकांना कळतं. पण बदलायचं म्हणजे काय, याबद्दल गैरसमज मोठा आहे. लाकडी पाटी काढून चकचकीत पत्र्याची डीबी बसवली, आत चार एमसीबी लावले, की काम झालं असं समजलं जातं. एमसीबी दोनच गोष्टींपासून वाचवतो: जादा भार आणि शॉर्टसर्किट. कूलरच्या बॉडीला करंट उतरला आणि कुणी ओल्या हाताने त्याला शिवलं, तर एमसीबी ढिम्म हलत नाही. माणसाचा जीव घ्यायला एका अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो, आणि एमसीबी तर सोळा अँपियर बिनबोभाट जाऊ देतो.

गणित अवघड नाही

इथे थोडा हिशेब मांडायला हवा, कारण 'आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे' हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं.

समजा घराला स्वतःचा खड्डा आहे आणि त्याचा रोध 10 ओम आहे. घरगुती खड्ड्यासाठी हा आकडा वाईट नाही. कूलरच्या बॉडीला फेज चिकटला. दाब 230 व्होल्ट. भागिले 10, म्हणजे जमिनीत साधारण 23 अँपियर जाणार. सोळा अँपियरच्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 अँपियर लागतात. तेवीस अँपियरवर तो तापून पडेल, पण त्याला एक तासही लागू शकतो. बत्तीसचा असेल तर पडणारच नाही. तेवढा वेळ कूलरच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब उभा. खड्डा आहे, हिरवी तार आहे, एमसीबी आहे, आणि तरीही शिवणाऱ्याचा जीव धोक्यात.

आता त्याच बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लावा. जुने वायरमन याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. दोन्हींत 30 मिलिअँपियरचा फरक पडला की तो वीज तोडतो. तेवीस अँपियर गळत असतील तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. खड्डा कोरडा पडून रोध 10 चा 100 ओम झाला, तरी 2.3 अँपियर गळतात आणि आरसीसीबी पडतोच.

उलटही तितकंच खरं. नुसता आरसीसीबी लावला आणि अर्थिंग नाही, तर बॉडीला करंट उतरूनही तो गप्प राहतो, कारण गळायला वाटच नाही. कुणीतरी शिवेल तेव्हा ती वाट माणसाच्या अंगातून तयार होते आणि मग तो पडतो. बहुतेक वेळा माणूस वाचतो, पण झटका बसतोच. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच वीज जाते, कुणी शिवायच्या आधी. म्हणून या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत. दोन्ही लागतात.

अर्थिंग तपासायची गल्लीबोळातली पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहणं. बल्ब पेटला, अर्थिंग ओके. पण पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओमच्या वर असतो. खड्ड्याचा रोध 50 ओम असला तरी बल्ब जवळपास पूर्ण उजेड देतो. म्हणजे ही तपासणी चांगलं अर्थिंग आणि टाकाऊ अर्थिंग यांत फरकच करत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर हे यंत्रच लागतं.

तार किती जाडीची

दुसरी चोरी होते ती हिरव्या तारेत. फेज आणि न्यूट्रलला अडीच एमएम, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तार, आणि अर्थला एक एमएम किंवा त्याहून बारीक. 'अर्थमधून कुठे करंट जातो?' हे त्यामागचं कारण. रोज जात नाही हे खरं. पण दोष होतो त्या क्षणी सगळा भार त्याच तारेवर येतो. ती तेव्हा जळाली तर पुढे काही उरत नाही.

अर्थिंगचं भारतीय मानक, आयएस 3043, याबाबत सोपा नियम देतं. फेजची तार 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर त्याच धातूची अर्थची तार तेवढ्याच जाडीची. 16 ते 35 दरम्यान असेल तर अर्थ 16 ची. त्यापुढे फेजच्या निम्मी. घरातली एकही तार सहसा 16 च्या पुढे जात नाही, त्यामुळे घरासाठी नियम एका वाक्याचा: जेवढा फेज, तेवढा अर्थ. दिव्यांना दीड एमएम तर अर्थही दीड. सॉकेटला अडीच तर अडीच. एसी-गिझरला चार तर चार. मीटरपासून डीबीपर्यंत दहाची असेल तर मुख्य अर्थही दहाची. अर्थची तार पाइपाबाहेर, उघड्यावर, एकटी नेत असाल तर चारपेक्षा बारीक नको.

यानंतर येतं बाँडिंग, जे आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही. नळाचे लोखंडी पाइप, गॅसची धातूची लाइन, लोखंडी जिना यांना एका तारेने मुख्य अर्थ पट्टीशी जोडायचं. म्हणजे दोष झाला तरी नळ आणि मशीन यांच्यात दाबाचा फरक राहत नाही. ही तार मुख्य अर्थच्या निम्मी, पण सहा एमएमपेक्षा कमी नाही. मुख्य अर्थ दहाची असेल तर निम्मे पाच होतात, तरीही सहाचीच घ्यायची.

आणि एक जुनी सवय आता घातक झाली आहे. पूर्वी नळाच्या पाइपालाच अर्थ जोडायचे. पाइप लोखंडी होता, जमिनीत लांबवर गेलेला होता, कसंबसं निभायचं. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली प्लास्टिकचे पाइप आले. घरातला पाइपाचा तुकडा लोखंडी, जमिनीतला प्लास्टिकचा. मग दोष झाला की करंट जमिनीत न जाता मोरीतल्या नळावर येऊन थांबतो. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून देण्याची पद्धतही अशीच. एखाद्या दिवशी न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दारावर फेज येतो.

कायदा आहे, पण फटही आहे

कायद्यात या विषयावर काहीच नाही असं समजू नये. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम, 2010 चे आणि आता त्यांच्या जागी आलेले 2023 चे, दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत. सुरतमध्ये टोरंट पॉवर असो की दक्षिण गुजरात वीज कंपनी, नंदुरबारात महावितरण असो, नियम एकच.

त्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. वीज देणाऱ्या कंपनीने ग्राहकाच्या जागेत, वीज जिथे सुरू होते तिथे, वापरता येईल असं अर्थचं टर्मिनल द्यायचं असतं. ही गोष्ट 1956 च्या भारतीय वीज नियमांतही होती. कंपनी त्याचा खर्च ग्राहकाकडून घेऊ शकते. या टर्मिनलचं मोल वरच्या गणितात आहे. कंपनीच्या धातूच्या मार्गाने परतीचा रोध एक ओमच्या आसपास आला, तर दोषाचा प्रवाह 230 अँपियरच्या घरात जातो आणि सोळाचा एमसीबीही झटक्यात पडतो. म्हणून नवीन बोर्ड बसवताना पहिला प्रश्न मीटरपाशी विचारायचा: अर्थचं टर्मिनल कुठे आहे?

1956 च्याच नियमांत आणखी एक अपेक्षा होती. जोडलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या वायरिंगची जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी व्हावी, विद्युत निरीक्षकाकडून किंवा कंपनीकडून. घरगुती खोलीत असा तपासणीला आलेला माणूस किती जणांनी पाहिला आहे, हे वाचकांनीच आठवून पाहावं.

फट आहे ती आरसीसीबीच्या सक्तीत. गळतीवर वीज तोडणारं साधन सक्तीचं आहे, घरांसाठी 30 मिलिअँपियरची मर्यादाही आहे. पण अगदी कमी भाराच्या घरगुती जोडण्या या सक्तीतून वगळल्या आहेत. कागदावर हे गरिबाला सवलत दिल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात एका खोलीत, ओल्या मोरीशेजारी, लोखंडी कूलर लावून राहणारं कुटुंबच या सक्तीबाहेर पडतं. मंजूर भार कागदावर जुनाच, वापर चौपट. बंगल्याला संरक्षण सक्तीचं, खोलीला ऐच्छिक.

मालक, भाडेकरू आणि मधला सबमीटर

खरी अडचण इथेच आहे. कंपनीच्या दप्तरी ग्राहक तोच, ज्याच्या नावावर मीटर आहे. म्हणजे मालक. वायरिंग सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच. पण आठ-दहा खोल्यांना मिळून मालकाचा एक मीटर आणि आत प्रत्येकाला सबमीटर, अशी रचना असली की भाडेकरू कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसतो. त्याने तक्रार कुणाकडे करायची? बोर्डाला हात लावला तर मालक विचारणार, कुणाला विचारून खोललं? मालकाला सांगितलं तर उत्तर तयार: थोडा करंट तर सगळीकडेच येतो, चप्पल घालून लावा. हे मालकही बऱ्याच ठिकाणी आपलेच, एका पिढीआधी खान्देशातून आलेले.

मालकाला माणुसकीची भाषा पटत नसेल तर हिशेबाची पटावी. अर्धा अँपियर करंट ओल्या भिंतीतून सतत गळत असेल, तर ते 115 वॅट झाले. चोवीस तासांत पावणेतीन युनिट, महिन्याला 80 च्या वर. युनिटला सहा रुपये धरले तरी पाचशे रुपये जमिनीत. चांगल्या कंपनीचा दोन पोलचा आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. चार महिन्यांत पैसे वसूल.

स्मार्ट मीटरच्या वादाचा धागाही इथे येऊन मिळतो. आताचे बरेच मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि फरक आढळला तर जास्तीचा आकडा धरतात. अनेक मीटरवर अर्थ गळतीचा छोटा लाल दिवाही असतो. तो पेटला की लोक घाबरतात, वीजचोरीचा ठपका येईल म्हणून. पण बऱ्याचदा त्यामागे चोरी नसते. दोन खोल्यांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो किंवा एखादं मशीन गळत असतं. नवा मीटर आल्यावर बिल वाढलं अशी तक्रार असेल, तर मीटरला शिव्या देण्याआधी हा दिवा पाहायला हरकत नाही.

हाच एकत्र बांधलेला न्यूट्रल आरसीसीबीचाही शत्रू आहे. नवी डीबी बसते, आरसीसीबी चालू करताच पडतो. पुन्हा चालू, पुन्हा पडतो. वायरमनला संध्याकाळपर्यंत काम उरकायचं असतं, घरच्यांना पंखा हवा असतो. मग आरसीसीबीला बगल देऊन थेट जोडणी होते. डीबीत तो दिसतो, पण काम करत नाही. पडणारा आरसीसीबी खराब नसतो, बहुतेक वेळा तो दोष दाखवत असतो. सर्किट एकेक करून सोडवायचं, दोष शोधायचा, प्रत्येक खोलीचा न्यूट्रल वेगळा करायचा, हे दिवसभराचं काम आहे आणि त्याची मजुरी द्यायची तयारी ठेवावी लागते.

वायरमन कुठला, परवाना कुठला

सीमाभागातल्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. रोजगाराचंही तसंच आहे. आयटीआय नंदुरबारला, काम सुरतला. पण आयटीआयचं प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना राज्याचा असतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं कुणीही करू शकतं; नवं वायरिंग, वाढीव वायरिंग, डीबी बदलणं हे काम त्या राज्याने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असलेल्यांनी, परवानाधारक कंत्राटदारामार्फतच करायचं असतं. महाराष्ट्राचा परवाना गुजरातेत आपोआप चालतो असं धरून चालू नये. आपल्या पोरांनी ही मान्यता वेळेत करून घेतली तर त्यांना दर चांगला मिळेल, आणि अपघात झाला तर सगळं त्यांच्या अंगावर येणार नाही.

सुरतच्या कमाईवर गावाकडे बांधल्या जाणाऱ्या घरांचीही हीच गत आहे. फरशी इटालियन दिसणारी, गिझर नवा, आणि अर्थची हिरवी तार बोर्डामागे कापून सोडलेली.

पाणी शिरतं तेव्हा

सुरतला पाण्याची सवय आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीने शहर बुडवलं. 2024 च्या जुलैत आणि 2025 च्या जूनमध्ये खाडीपुराचं पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरलं. लिंबायतच्या मिठी खाडीकाठच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. तळमजल्याच्या खोलीत सॉकेट कमरेच्या खाली असतात. पाणी चढायला लागलं की आधी मेन बंद. पाणी उतरल्यावर लगेच चालू नाही. बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून वापरायचा नाही, बदलायचाच. आणि नवीन डीबी बसवताना ती मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसवायची.

मागणी काय असावी

2019 च्या 24 मे रोजी सरथाणातल्या तक्षशिला इमारतीत 22 जणांचा जीव गेला. त्यानंतर शिकवण्या, दुकानं, मार्केट यांच्या अग्निसुरक्षेवर नोटिसा निघाल्या. राहत्या खोल्यांचा बोर्ड तेव्हाही कुणाच्या यादीत आला नाही. एकेकटा माणूस मरतो तेव्हा बातमी चार ओळींची होते.

आता संधी आहे. मीटर बदलायला कंपनीचा माणूस दारात येणारच आहे. त्याच फेरीत तीन गोष्टींची नोंद सक्तीची करता येईल: अर्थचं टर्मिनल आहे का, आरसीसीबी आहे का, गळतीचा दिवा पेटलेला आहे का. त्याची एक प्रत भाडेकरूच्या हातात. एका मीटरवर अनेक खोल्या असतील तर भार कितीही असो, आरसीसीबी सक्तीचा. जिथे खोलीला खोली चिकटलेली आहे आणि खड्ड्याला जागा नाही, तिथे रांगेला मिळून एक चांगलं अर्थिंग मालकाच्या खर्चाने.

ही मागणी रेटायला मराठी समाजाकडे बळ कमी नाही. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील 2012 पासून निवडून येत आहेत. खासदार सी. आर. पाटील केंद्रात मंत्री आहेत. स्मार्ट मीटरसाठी मोर्चा निघू शकतो, तर बोर्डासाठी निवेदन तरी जावं.

तोपर्यंत ज्यांच्या घरात आरसीसीबी आहे, त्यांनी त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. दाबल्यावर घरातली वीज गेली तर तो शाबूत आहे. वीज गेली नाही तर तो बदलण्यासाठी परवानाधारक वायरमनला त्याच दिवशी बोलवावं.